चौकटीच्या डाव्या बाजूला

इंदिरानगर, नाशिक
३ फेब्रुवारी २०२५

उमर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेशील, म्हणून पहिल्या ओळीतच सांगतो: अम्मी बरी आहे, कोणी मेलेलं नाही. आता वाच.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला तेरा वर्षं होतील. मधे मी दोनदा नंबर बदलून फोन केला, तेही तू आवाजावरून ओळखून बंद केलेस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा खटाटोप. सिन्नरचा पत्ता तुझ्याच कारखान्यातल्या एकाकडून काढला. नाव सांगत नाही, उगाच त्याला शिव्या बसतील.

बातमी अशी की ‘गोणपाट गल्ली’चा सिनेमा होतोय. होय, आपली गल्ली. लासलगावचे कांदाव्यापारी आणि हमाल यांची विनोदी कार्टून मालिका काढतो म्हणालो तेव्हा चॅनेलच्या माणसानं आपल्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. तू विनोद लिहायचे आणि निम्मे आवाज काढायचे, मी गल्ली रंगवायची. त्याला सतरा वर्षं झाली. तू चार वर्षांत सोडून गेलास, पण झुंबरशेठचा भाव अजून रोज चुकतो आणि रिव्हर्सभाईचा ट्रॅक्टर अजूनही पुढे जायच्या ऐवजी मागे जाऊन कशावर तरी आदळतो. लोक अजून हसतात. तुझा तो विनोद काही म्हातारा झाला नाही.

मुंबईहून तेजल नावाची कलादिग्दर्शक आली आहे. पोरगी हुशार आहे, नको तितकी. तिची अडचण चौकटीची आहे. आपण सुरुवात केली तेव्हा टीव्ही चौकोनी होता, म्हणून मी गल्ली त्या मापात रंगवली: उजवीकडे गोण्यांची थप्पी, मधे रस्ता, डावीकडे पाण्याची टाकी, आणि टाकीपाशी चित्र संपतं. पुढे रुंद टीव्ही आले तेव्हा चॅनेलनं दोन्ही बाजूंना कांद्याच्या माळांची झालर लावून वेळ मारून नेली. सिनेमाच्या पडद्यावर झालर चालत नाही. पडदा भरायला गल्ली दोन्ही बाजूंनी वाढवावी लागते.

“दादा, टाकीच्या डावीकडे काय होतं?” तिनं विचारलं. “तुम्ही खऱ्या गल्लीचे फोटो काढून त्यावरून रंगवलंत ना? ते मूळ फोटो द्या.”

मी सांगितलं, हार्ड डिस्क जळाली.

टाकीच्या डावीकडे काय होतं ते तुला सांगायला नको.

आणखी एक. सिनेमाला टीव्हीसारखा शेवट चालत नाही म्हणे. टीव्हीवर पुढच्या भागात सगळं पहिल्यासारखं होतं. सिनेमात काहीतरी कायमचं घडावं लागतं. तर त्यांनी ठरवलंय की शेवटी रिव्हर्सभाई ट्रॅक्टर मागे घेतो आणि शेठच्या खळ्याची अख्खी भिंत पाडतो. बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा सगळे टेबलावर हात आपटून हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

त्यांना रिव्हर्सभाईसाठी तुझाच जुना आवाज हवा आहे आणि मी तुला विचारावं असा आग्रह आहे. विचारलं असं समज. आणि नाही म्हण.

योगेश

---

इंदिरानगर
१९ फेब्रुवारी

उमर,

पत्राची पोचपावती आली. त्यावर खुशनुमावहिनींची सही आहे. म्हणजे घरात तरी गेलं.

तेजल ऐकेना, म्हणून परवा तिला घेऊन लासलगावला गेलो. मामांनी नेहमीसारखा थाट केला. खळ्यात खुर्च्या, पंखा, द्राक्षांचं ताट. मामांचं खळं म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं: लिलावात घेतलेला कांदा निवडायचा, गोण्या भरायच्या, गाडीत चढवायच्या ती पत्र्याखालची जागा. आपलं अर्धं बालपण तिथे कांद्याच्या ढिगावर लोळण्यात गेलं आणि ती मुलगी नाकाला रुमाल लावून फिरत होती.

खळ्याची ती विटामातीची जुनी भिंत आठव. अर्धी पडली त्या जागी मामांनी पत्रा मारलाय. उरलेली अर्धी तशीच आहे, अम्मीच्या दारासमोर. मी मुद्दाम तिकडे बघत नव्हतो. तेजलनं बघितलं.

“हिला पोट सुटलंय,” ती म्हणाली. “आणि हे वासे कशाला लावलेत?”

“जुनी हाय ना,” मामा म्हणाले. “म्हाताऱ्या माणसाला काठी लागते तसं. काय व्हायचं नाय तिला, आमच्या आज्यानं बांधलेली हाय.”

“मग हा बाजूचा भाग कशानं पडला?”

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. द्राक्षाचं बी बाजूला थुंकले आणि म्हणाले, “ट्रॅक्टर घातला एकानं. रिव्हर्स घेताना. तुमच्या कार्टूनमध्ये हाय ना, तोच गडी.”

तेजल हसली. तिचा दोष नाही, तिला वाटलं मामा गंमत करतायत. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

मग मी अम्मीकडे गेलो. तेरा वर्षांत पहिल्यांदा. बिलकिसअम्मी दारातच बसली होती, लसूण सोलत. मला वाटलं दार लावून घेईल. तिनं चहा केला. साखर कमी, मला लागते तशी. मी त्या कपाकडे बघत बसलो.

“पिच्चर काढता म्हणे,” ती म्हणाली.

“हो अम्मी.”

“त्यात माझा आवेज भिंत पाडतो म्हणे.”

मी म्हणालो, तो आवेज नाही, रिव्हर्सभाई आहे, कार्टून आहे. माझं मलाच ते ऐकवेना.

“बेटा, गावातली पोरं त्याला रिव्हर्सभाई म्हणून हाका मारायची. तो हॉर्न वाजवायचा, त्याला लय मजा वाटायची. भावानं टीव्हीवर आणलं म्हणून सांगत फिरायचा.” लसणाची पाकळी तिच्या हातात तशीच होती. “त्या दिवशी ट्रॅक्टर टाकीपाशी बंद उभा होता. मी या दारातून बघितला. भिंत करकरली, तसा हा आत पळाला, मल्हारी आत गोण्या शिवत होता त्याला ओढायला. दोघं खाली गाडले गेले. मागनं तुझ्या मामाच्या, शेठच्या माणसांनी ट्रॅक्टर ढकलत तिथं नेला. मला कुणी विचारलंच नाय. उमरला सांगितलं तर तो म्हणाला, अम्मी, तू आई हायेस, तुला असंच दिसणार.”

मी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि निघालो. तुला हे लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. तू पोलिसांना “तो मागे घेताना धडकायचा, खरं आहे” असं सांगितलंस तेव्हा मी तुझ्या शेजारीच बसलो होतो. मी तुला तोंडावर कधी दोष दिला नाही, आताही देत नाही. सगळ्या गावानं तेच सांगितलं. चार वर्षं दर शनिवारी बघत होते ना.

मल्हारीची बायको लताबाई अजून अम्मीच्या दारावरून जाताना तोंड फिरवते. तिला वाटतं तिचा नवरा आवेजमुळे गेला.

सिनेमावाल्यांना गल्ली फारच आवडली आहे. १६ मार्चला, रविवारी सकाळी दहाला तिथेच कार्यक्रम ठरतोय: खरा ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये येणार आणि थर्माकोलची भिंत पाडणार, समोर हजारभर माणसं. थर्माकोलची भिंत उभी करणार त्या खऱ्या भिंतीला लागून. मी तारखेचं फक्त कळवतोय. तू मधूनमधून एखाद्या जुम्म्याला अम्मीकडे जातोस म्हणून म्हटलं, माहीत असावं.

योगेश

---

इंदिरानगर
६ मार्च

उमर,

या वेळच्या पोचपावतीवर तुझी सही आहे. ती बराच वेळ बघत बसलो होतो.

हार्ड डिस्क जळालेली नाही. मी खोटं बोललो, तेजलशी आणि पहिल्या पत्रात तुझ्याशीही. आणि आता त्याचा उपयोगही उरला नाही, कारण स्टुडिओच्या माळ्यावर जुन्या सीड्यांचा डबा होता तो तिनं स्वतः चढून काढला. मी खाली शिडी धरून उभा होतो. डब्यावर माझ्याच हातानं लिहिलेलं: गल्ली, १२ एप्रिल २०१२. त्या वर्षी मी गल्ली नव्यानं रंगवायला घेतली होती.

आवेज आणि मल्हारी गेले २१ एप्रिलला. नऊ दिवस.

तिनं फोटो पडद्यावर मोठे केले. उजवीकडे गोण्या, मधे रस्ता, टाकी, आणि टाकीच्या डावीकडे भिंत. वरपासून खालपर्यंत तडा, तळहात आत जाईल एवढा. तीन वासे टेकू लावलेले. फोटोच्या कोपऱ्यात तारीख लाल अक्षरांत.

आठवतं तुला, दफन करून आल्यावर तू मला काय विचारलं होतंस? “योग्या, तू मागच्या आठवड्यात गल्लीचे फोटो काढलेस ना? त्यात भिंत आहे का?” आणि मी म्हणालो होतो, “भिंत चौकटीत येत नाही.” चित्राच्या चौकटीत येत नव्हती, हे खरंच होतं. मी ती कापून टाकली होती. तेरा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी खोटं बोललो नाही.

तू मला सोडून गेलास ते रिव्हर्सभाईची लाज वाटून, मालिका चालू ठेवली म्हणून माझा राग येऊन. बरोबर कारणासाठी तू माझा कधी तिरस्कार केलाच नाहीस. आता करशील.

तेजलनं फोटोवर बोट ठेवून विचारलं, “दादा, हा माणूस कोण? भिंतीला हात लावून तुमच्याकडे बघतोय तो?”

मी म्हणालो, “कोणी नाही. गल्लीतला.”

तिनं तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मामांचं द्राक्षं खात बोललेलं वाक्य तिच्या वहीत होतं. त्या दिवसापासून ती मला दादा म्हणत नाही, सर म्हणते.

फोटो तुला पाठवावा म्हणून पाकिटात घातला होता. परत काढून ठेवला. मामांनी मला वाढवलंय उमर. बाप गेल्यावर शाळेपासून लग्नापर्यंत मामांनी केलं. हा स्टुडिओ त्यांच्या जागेत आहे. फोटो बाहेर गेला तर बहात्तराव्या वर्षी ते तुरुंगात जातील. आणि आवेज काही परत येणार नाही, असं मी स्वतःला सांगतो. मग अम्मीचा चहा आठवतो.

भ्याड आहे मी. लिहून टाकलं.

योगेश

---

लासलगाव
१४ मार्च, धुळवड

उमर,

घाईत लिहितोय, हाताला रंग आहे. धुळवडीचा नाही.

मी कार्यक्रम हलवायचा प्रयत्न केला. तेजलला म्हणालो, दुसरीकडे करू, मार्केट यार्डात मोकळी जागा आहे. ती म्हणाली, “सर, कारण द्या, मी आत्ता हलवते.” माझ्या तोंडून निघालं, पार्किंगचा प्रश्न येईल. तिनं माझ्याकडे एवढा वेळ बघितलं की मला खाली बघावं लागलं. मग म्हणाली, “पार्किंगची सोय झाली आहे.”

मामांनी भिंत कार्यक्रमासाठी सजवायला काढली. गवंडी बोलावून तडा सिमेंटनं लिंपला आणि वासे काढले. फोटोत बरे दिसत नाहीत म्हणे. आणि भिंतीवर मोठं चित्र हवं म्हणून मला बोलावलं. “तूच काढ. घरचा माणूस असताना बाहेरचा पेंटर कशाला?”

मी काढलं.

दोन दिवस परांचीवर चढून काढलं. पंधरा फुटी रिव्हर्सभाई, टोपी, मिशा, ट्रॅक्टर. सिमेंटचा लिंपलेला पट्टा रंगातूनही दिसत होता, तेव्हा मी त्याचा विजेचा खांब केला. वर तारा ओढल्या. एक कावळा बसवला. माझ्याइतकं सफाईदार ते कोणाला जमलं नसतं. मामांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “भिंत नवी दिसायला लागली बघ.”

ब्रश टेकवला की आतून माती सुटल्याचा आवाज येतो. पहिल्यांदा वाटलं उंदीर असेल.

अम्मी दारातून बघत होती. रोजा असल्यानं ओठ सुकलेले होते. काल दुपारी तिनं विचारलं, “बेटा, काठ्या कुठं गेल्या?”

“काढल्या अम्मी. भिंत पक्की केलीय.”

“पक्की केली?”

“हो.”

ती आत गेली. तिला कळलं असं वाटतं. रविवारी तू ये असं मी लिहिणार होतो, पण पत्र तोवर पोचायचं नाही. तरी टाकतो.

योगेश

---

लासलगाव
१६ मार्च, रविवार

उमर,

भिंत पडलेली नाही. आधी हे.

दहाला गल्ली भरली. पोरं पत्र्यांवर चढली होती, बाया गच्च्यांवर. स्पीकरवर मालिकेचं शीर्षकगीत, तुझ्याच आवाजातलं. ट्रॅक्टर टाकीपाशी उभा होता आणि ड्रायव्हरला रिव्हर्सभाईची टोपी घातली होती. उलटी मोजणी सुरू होणार तेवढ्यात अम्मी घरातून बाहेर आली. हातात तिचा तो लाकडी पाट. गर्दीतून वाट काढत गेली आणि थर्माकोलच्या मागे, खऱ्या भिंतीला टेकून, पाट टाकून बसली. माझ्या त्या खांबाच्या बरोबर खाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, म्हातारी कार्यक्रमातलीच आहे.

मामा माईकवरून गोड आवाजात म्हणाले, “बिलकिसबाई, उठा, लागंल तुम्हाला.”

“काय लागंल?” ती म्हणाली. “ट्रॅक्टर लांब हाय. भिंत पक्की हाय. तुमचा भाचाच म्हणाला. ट्रॅक्टर लागल्याबिगर भिंत पडत नाय ना, शेठ? मग मी बसते.”

उमर, मी धावत सुटलो. स्पीकर दणाणत होते, भिंत थरथरत होती, तिच्या डोक्यावरच्या पदरावर बारीक माती पडत होती आणि हे फक्त मला दिसत होतं, कारण कुठे बघायचं ते मला माहीत होतं. मी तिचा हात धरला. ती उठेना.

“आधी सांग,” ती म्हणाली.

मी मामांच्या हातातून माईक घेतला. म्हणालो, ही भिंत तडकलेली आहे. मीच रंगवून झाकली आहे. तेरा वर्षांपूर्वीही तडकलेलीच होती, माझ्याकडे फोटो आहे. आवेजनं ती पाडली नाही.

आणि लोक हसले.

आधी पुढचे हसले, मग मागचे. ‘गोणपाट गल्ली’चा माणूस माईकवर बोलतोय म्हटल्यावर आणखी काय करतील? मी ओरडलो, खोटं नाही बोलत, तर आणखी हसले. मी नखांनी खांबावरचा रंग खरवडायला लागलो, कावळा अर्धा निघाला, तर शिट्ट्या पडल्या. सतरा वर्षं मी या माणसांना हसवून खाल्लं, त्याची शिक्षा मला त्या एका मिनिटात मिळाली.

तेजल तेवढी हसली नाही. तिनं स्पीकर बंद करायला लावले आणि पाणी नाही, वीज नाही असं काहीतरी सांगून गर्दी मार्केट यार्डाकडे वळवली. तिच्यामुळे आज माणसं वाचली असं मी म्हणतो. मामा म्हणतात, काय वाचली? भिंत तर उभी आहे.

लताबाई मात्र गेली नाही. रस्त्याच्या पलीकडे एकटीच उभी होती, अम्मीकडे बघत.

योगेश

---

लासलगाव, खळ्याची भिंत
२० मार्च, सकाळी साडेदहा

उमर,

हे पोस्टानं पाठवत नाही. तेजल आज पुण्याला जाताना सिन्नरवरून जाणार आहे, ती तुझ्या हातात देईल. तिला दारात उभं करू नकोस, तिचा काही गुन्हा नाही.

मी पोलिसांकडे जाऊन फोटो आणि लेखी जबाब दिला. त्यांनी घेतला, चौकशी करू म्हणाले. वेळ लागेल. मामा माझ्याशी बोलत नाहीत, मामी फोनवर फक्त रडते. मुंबईच्या लोकांना माझं माईकवरचं भाषण इतकं आवडलं की त्याचा व्हिडिओ लाखो लोकांनी बघितला म्हणतात आणि सिनेमात तसाच प्रसंग घालायचा विचार आहे. मी नाव काढून घेतलं. त्यांना काही फरक पडला नाही.

अम्मी रोज येऊन बसते. सकाळी दहा वाजता, रोजा ठेवून, पाट घेऊन, त्याच जागी. दुपारच्या, जोहरच्या नमाजापर्यंत. सोमवारपासून चार दिवस झाले. मी पाया पडलो, शेजाऱ्यांनी समजावलं. ती म्हणते, “तुझ्या बोलण्यावर लोक हसले. ज्यांनी कागदावर माझ्या पोराचं नाव लिहिलं, त्यांनी कागदावरनं पुसावं. शेठनं तोंडानं सांगावं. तोवर बसते.” तुला कळवायचं नाही अशी तिनं सगळ्या गल्लीला शपथ घातली आहे. म्हणून तुला कोणाचा फोन आला नाही. मी शपथ घेतली नव्हती.

वासे परत लावावेत म्हणून मामांकडे माणूस पाठवला. टेकू लावला म्हणजे तडा कबूल केल्यासारखं होतं, वकिलानं नको सांगितलंय. मंगळवारी मी स्वतः दोन वासे आणून लावले. बुधवारी सकाळी नव्हते.

आता जे राहिलंय ते. फोटोबद्दल मी तुला सगळं सांगितलं नाही.

१२ एप्रिलला मी आपला गल्लीचा फोटो घेत होतो. भिंत मला नकोच होती. आवेजनं हाक मारली. “योगेशभाई, इकडं पण काढ एक.” तो जाऊन भिंतीपाशी उभा राहिला, तड्यात हात घालून दाखवला. म्हणाला, “शेठ माझं ऐकत नाय. हा मागे घेताना धडकतो, हा काय भिंतीचं सांगणार, म्हणून हसत्यात. तू भाचा हायेस, तुझं ऐकतील. फोटो दाखव आणि सांग, या बाजूला माणसं बसवू नका.”

मी हो म्हणालो.

त्या दिवशी मला मामांकडे इंदिरानगरची जागा मागायची होती. जेवताना मामा खुशीत होते. भिंतीचं काढलं असतं तर त्यांचं तोंड कडू झालं असतं. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. जागेचं विचारलं, ते हो म्हणाले, आणि मी नाशिकला निघून आलो.

मामांना तडा माहीत होता. पण मी तो फोटो ताटाशेजारी ठेवून, हट्ट धरून बसलो असतो तर त्यांनी माणसं हलवली असती असं मला वाटतं. माझा हट्ट त्यांनी कधी मोडला नव्हता. तुझा विनोद नाही, उमर. तू तेरा वर्षं जे डोक्यावर घेऊन बसलास ते तुझं नाही. तुझ्या भावानं वेळेवर सांगितलं होतं, आणि मला सांगितलं होतं.

हे मी आज सकाळी अम्मीलाही सांगितलं, इथेच, तिच्या शेजारी बसून. मला वाटलं मारेल. ती म्हणाली, “म्हणजे त्यानं सांगितलं होतं.” आणि दोनदा मान हलवली. नंतर लताबाई आली. आजपर्यंत पलीकडे उभी राहायची, आज रस्ता ओलांडून आली आणि अम्मीच्या दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसली.

म्हणजे आता आम्ही तिघं आहोत. मी उठलो तर काय, असंही मनात येतं. पण त्या दोघी उठत नसताना मला उठता येत नाही. रिव्हर्सभाईचं पोट कालपेक्षा पुढे आलंय. मी ते दोरीनं मोजलं, चार बोटं. लिहिताना कागदावर माती पडते, ती झटकतोय, तरी घडीत थोडी येईल.

फोटो सोबत आहे. आवेज त्यात नीट दिसतो, हसत नाहीये. तो घेऊन मामांच्या दारात जा, पोलिसांत जा, मला काय करायचं ते कर, मी कुठे जात नाही. पण आधी अम्मीला उठव. ती माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल, तू एवढंच म्हण की तुला तिचं पटलं.

उद्या शुक्रवार आहे. ती दहाला बसते. सिन्नरहून पहिल्या गाडीनं निघालास तर साडेनऊला पोचशील.

योगेश